कारणाचा रकाना

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी एक टेबल, टेबलामागे मी,
समोर लाल पुठ्ठ्याची नोंदवही.
अनुक्रमांक, नाव, वय,
उजवा की डावा,
गुडघ्याच्या वर की खाली.
शेवटचा रकाना कारणाचा. रुंदी दोन बोटं.
ज्यानं वही आखली त्याला वाटलं असेल
कारण एवढ्यात मावतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी पाय असतात.
कधी दोन, कधी तीन.
दिवाळीनंतर पाच.
सण होऊन जाऊ दे, म्हणतात घरी,
आणि तोवर काळं घोट्याच्या वर चढलेलं असतं.

लोकांना वाटतं, अपघात.
येतात तेही, डंपरखालचे, क्रेनखालचे,
रात्री येतात, ओरडत.
बाकीचे मात्र चालत येतात,
केसपेपर धरून, रांगेत उभे राहून,
स्वतःच्या दोन पायांनी.

रघुवीर कोचरेकर, अठ्ठावन्न, वॉचमन, चेंबूर.
गमबुटात खडा होता.
बारा तासांची ड्युटी, बारा तास खडा.
मोजा ओला निघाला तेव्हा वाटलं, पाणी गेलं असेल.
मी लिहिलं: मधुमेह.

चांगुणा तांडेल, भाऊच्या धक्क्यावर कोळंबी सोलते.
झोपेत उंदरानं अंगठा कुरतडला.
ती उठली नाही. दुखलंच नाही तर उठेल कशाला?
सकाळी नात म्हणाली, आजी, चादरीला हे काय गं?
मी लिहिलं: मधुमेह.

मुश्ताक दळवी, चौतीस. चौदाव्या वर्षापासून विडी.
आधी बोटं गेली, मग अर्धं पाऊल.
दर खेपेला आईची शपथ,
दर खेपेला जिन्याखाली धूर.
त्याच्या भावानं पाय मागून घेतला,
सही केली, पांढऱ्या कापडात बांधला,
नारियलवाडीला टॅक्सीनं नेला.
टॅक्सीवाल्याला सांगितलं नाही मांडीवर काय आहे ते.
टाके काढायला आला तेव्हा मुश्ताकच हसत म्हणाला,
मॅडम, माझा एक पाय कबरीत आहे.
मग कोणीच हसलं नाही, तोही थांबला.

आणि ते भायखळ्याचे पेडणेकर मास्तर,
ज्यांच्या घरी जूनमध्ये सून आली, ऑगस्टमध्ये पाय गेला.
बाकावर बायका कुजबुजत होत्या, पायगुण.
ती पोर भिंतीला टेकून
आपल्याच जोडव्यांकडे बघत उभी.
सात वर्षं मास्तरांनी गोळ्या अर्ध्या करून खाल्ल्या होत्या,
पेन्शन पुरावी म्हणून.
हे तिनंच मला सांगितलं, हळूच, सासऱ्यांचा आधार नंबर देताना.
मी लिहिलं: मधुमेह.
अर्धी गोळी लिहायला जागा नव्हती.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर निळ्या पेनानं
मांडीवर बाण काढतात, चूक नको म्हणून.
एकानं तो रात्रीत थुंकी लावून पुसला होता.

नंतर नातेवाईक पिशवी आवरतात.
डबा, टॉवेल, चष्मा.
चपलेपाशी हात अडतो.
एक घेऊन जावी की दोन्ही?
बहुतेक जण दोन्ही नेतात.

एक जानेवारीला अनुक्रमांक पुन्हा एकपासून,
जणू रात्रीत शहराला नवे पाय फुटले.
मार्चमध्ये पान उलटलं तर ओळखीचं नाव: तांडेल, चांगुणा.
या वेळी डावा.
कारणाच्या रकान्यात मी वरच्यासारखंच म्हणून
दोन टिंबं दिली.

माझी साखर गेल्या महिन्यात दोनशे साठ.
रात्री भांडी झाली की आरसा लादीवर ठेवते,
त्याच्यावर तळवा धरते, ट्यूबलाइटच्या उजेडात.
नवरा विचारतो, काय हरवलं?
पेन्सिलीच्या टोकानं एकेक बोट टोचून बघते.
अंगठा, कळलं.
मधलं, कळलं.
करंगळी.
कळलं,
की टोचताना मी बघत होते म्हणून वाटलं, कळलं?
डोळे मिटून
पुन्हा टोचते.